कोरस उभा राहतो तो तालमीत

पाश्चात्त्य संगीतातल्या एखाद्या मोठ्या कोरस-कृतीच्या कार्यक्रमाची जाहिरात पाहिली, तर कंडक्टरचे नाव सर्वांत ठळक असते. त्याखाली एकल गायकांची नावे येतात, मग वाद्यवृंदाचे. कोरसच्या वाट्याला बहुधा तळाची एक ओळ येते. प्रत्यक्ष रंगमंचावर मात्र हिशेब उलटा असतो. योहानेस ब्राह्म्सच्या ‘जर्मन रिक्विएम’चे सात भाग आहेत. बॅरिटोन गायक त्यांतल्या दोन भागांत गातो, सोप्रानो गायिका एका भागात, आणि कोरस सातही भागांत. सुमारे सत्तर मिनिटांच्या या कृतीचा सगळा भार ज्यांच्या गळ्यावर असतो, त्यांची नावे श्रोत्याला कळतही नाहीत.

प्रश्न केवळ नावाच्या ओळीचा नाही. एकोणिसाव्या शतकाने संगीताला ज्या मोठ्या कोरस-कृती दिल्या, त्यांचे यशापयश गेली दीडशे वर्षे एकाच गोष्टीवर ठरत आले आहे. ती गोष्ट म्हणजे कोरसला मिळालेली तालीम. कंडक्टर थोर असला, वाद्यवृंद नावाजलेला असला, तरी तालीम अपुरी असेल तर कृती कोसळते, आणि तालीम पुरेशी असेल तर साधनांच्या कमतरतेवरही ती मात करते. इतिहासात याचे दाखले स्पष्ट आहेत. तरीही पैशाची आणि वेळेची वाटणी करताना कोरसचा नंबर शेवटी लागतो, ही गोष्ट खटकायला हवी.

ब्राह्म्सच्या या रिक्विएमचीच कथा घ्या. रिक्विएम म्हणजे मृतांच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून म्हटली जाणारी लॅटिन उपासना. ब्राह्म्सने तो साचाच बाजूला ठेवला. मार्टिन ल्यूथरने केलेल्या जर्मन बायबलमधून त्याने स्वतः उतारे निवडले, आणि मृतांसाठी याचना करण्याऐवजी मागे राहिलेल्यांचे सांत्वन केले. रॉबर्ट शूमान हा त्याचा आधारवड १८५६ मध्ये गेला होता. १८६५ च्या फेब्रुवारीत आई गेली. तिच्या मृत्यूनंतर या कृतीने वेग घेतला. शीर्षकातला ‘जर्मन’ हा शब्द काढून तिथे ‘मानवी’ असा शब्द घालायला आपली हरकत नाही, असे त्याने एका पत्रात कळवले होते.

पहिले तीन भाग १ डिसेंबर १८६७ रोजी व्हिएन्नात सादर झाले. कंडक्टर होते योहान हेर्बेक, त्या शहरातले मोठे नाव. तिसऱ्या भागाच्या अखेरीस एक फ्यूग आहे. एक आवाज धून सुरू करतो, मग दुसरा, तिसरा, चौथा तीच धून घेऊन त्यात शिरतो, आणि चौघांची वीण घट्ट होत जाते. या फ्यूगखाली चेलो, डबल बास आणि टिंपनी यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आधारस्वर धरून ठेवायचा असतो. त्या दिवशी टिंपनीवादकाने तो स्वर अखंड जोरात ठोकला. कोरसच्या चारही आवाजांची वीण त्या गडगडाटात बुडाली. काही श्रोत्यांनी उघड नापसंती दाखवली. ब्राह्म्सचा चाहता असलेल्या समीक्षक एदुआर्द हान्सलिक यांनाही बोगद्यातून धडधडत जाणाऱ्या गाडीत बसल्यासारखे वाटले. दोष चुकीच्या जोराने वाजवलेल्या एका वाद्याचा होता, पण तालमीत तो वेळीच धरला गेला असता तर मैफलीपर्यंत पोचलाच नसता.

चार महिन्यांनी चित्र पालटले. उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात कार्ल राइनथालर हे कॅथीड्रलचे ऑर्गनवादक आणि तिथल्या गायक-मंडळाचे शिक्षक होते. त्यांना या कृतीविषयी एक मूलभूत शंका होती: तिच्यात ख्रिस्ताच्या उद्धारक मृत्यूचा उल्लेखच नव्हता. पत्रातून त्यांनी ती मोकळेपणाने मांडली. ब्राह्म्सने शब्द बदलले नाहीत. तरीही राइनथालर यांनी कोरस बसवण्यात कसूर केली नाही. तालमी आधीपासून चालू ठेवल्या, शेवटच्या तालमींना स्वतः ब्राह्म्स येऊन उभा राहिला. प्रयोग झाला तो १० एप्रिल १८६८ रोजी, गुड फ्रायडेला. ब्राह्म्स त्या दिवशी ३४ वर्षांचा होता. रॉबर्ट शूमानच्या पत्नी क्लारा प्रवास करून आल्या होत्या. धर्मभावना दुखावू नये म्हणून मधे हॅन्डेलच्या ‘मसीहा’मधले एक गीत गायिका अमाली योआखिम यांच्याकडून गाऊन घेतले गेले. कार्यक्रम इतका गाजला की त्याच महिन्यात, २८ एप्रिलला, राइनथालर यांनी तो ब्रेमेनमध्येच पुन्हा केला. मेमध्ये ब्राह्म्सने सोप्रानोचा पाचवा भाग लिहून जोडला, आणि सातही भागांची पूर्ण कृती १८ फेब्रुवारी १८६९ रोजी लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये झाली.

व्हिएन्ना राजधानी होती, ब्रेमेन व्यापाऱ्यांचे बंदर. प्रतिष्ठा पहिल्याकडे होती, तयारी दुसऱ्याकडे. ब्राह्म्सची कीर्ती युरोपभर पसरवण्याचे काम त्या तयारीने केले.

त्या तयारीत काय काय येते, हे बाहेरून कळत नाही. दुसऱ्या भागाचा आरंभ पाहा. टिंपनीवर तीन-तीनचे ठोके हलकेच वाजत राहतात. चाल कूचगीताची, पण मात्रा तीनच्या, त्यामुळे पावले टाकायला गेले तर पाय जुळत नाहीत. त्यावर सगळा कोरस, स्त्रिया आणि पुरुष, एकाच धुनीत, खालच्या स्वरात, अगदी दबल्या आवाजात गातो: माणसाची काया गवतासारखी आहे, हा त्या शब्दांचा आशय. थोड्या वेळाने तीच धून, तेच शब्द पूर्ण ताकदीने येतात आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. दुसऱ्या वेळचा जोर सोपा आहे. अवघड आहे ते पहिल्या वेळचे हळू गाणे. शंभर-दीडशे माणसांनी हळू गायचे म्हणजे प्रत्येकाने आवाज कमी करायचा, पण कोणीही गाणे सोडायचे नाही, सूर उतरू द्यायचा नाही, शब्द पुसट होऊ द्यायचे नाहीत. त्यासाठी आठवड्यांमागून आठवडे जातात.

श्वासाचेही तसेच. लांबलचक ओळीत सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला तर आवाजात भोक पडते. म्हणून शेजारचा जिथे श्वास घेतो तिथे आपण घ्यायचा नाही, असा नियम असतो. प्रत्येकजण आपल्या प्रतीत पेन्सिलीने खूण करून ठेवतो. श्रोत्याला अखंड सूर ऐकू येतो, कारण आतून तो शंभर ठिकाणी तुटून शंभर ठिकाणी सांधला जात असतो. शब्दाच्या शेवटी ‘स’ किंवा ‘ट’ आला तर तो सगळ्यांनी एकाच क्षणी उच्चारायचा, नाहीतर सभागृहभर फुसफुस ऐकू येते. हे कंडक्टरच्या हातवाऱ्यांनी कार्यक्रमाच्या दिवशी साधत नाही. कोरस-शिक्षक आणि पियानोची साथ करणारा, या दोन माणसांनी ते महिनोन्‌महिने घोटून घेतलेले असते.

आणि हे घोटून घेतले जाते ते बहुतेक वेळा हौशी माणसांकडून. ब्राह्म्सने ही कृती लिहिली तेव्हा जर्मनीत व्यावसायिक कोरस नव्हे, तर नागरिकांची गायक-मंडळे हा संगीताचा कणा होता. बर्लिनची झिंग-अकादमी १७९१ मध्ये सुरू झाली होती. त्याच मंडळाला हाताशी धरून वीस वर्षांच्या मेंडेल्सझोनने ११ मार्च १८२९ रोजी बाखचे विस्मरणात गेलेले ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पुन्हा लोकांपुढे आणले. स्वतः ब्राह्म्सने डेटमोल्डच्या दरबारी गायकवृंदाकडून, हॅम्बुर्गमध्ये स्त्रियांच्या मंडळाकडून आणि नंतर व्हिएन्नाच्या झिंग-अकादमीकडून गाऊन घेतले होते. हौशी गळ्याला काय झेपते, कुठे त्याला वाद्यांचा आधार द्यावा लागतो, कुठे मोकळे सोडता येते, हे त्याने या मंडळांच्या तालमीच्या खोल्यांत बसून शिकून घेतले होते. ‘जर्मन रिक्विएम’ ऐकताना कोरसची ओळ वरवर कठीण वाटली तरी गाणाऱ्याला ती आतून गाण्याजोगी वाटते, याचे कारण तिथे आहे.

इंग्लंडमध्ये हीच चळवळ गिरणीगावांत पोचली. हडर्सफील्ड कोरल सोसायटी १८३६ ची. जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांच्या पद्धतीवरून ‘टॉनिक सोल-फा’ ही स्वरलिपी विकसित केली. तिच्यात ‘डो’ कोणत्याही पट्टीत सरकतो, जसा आपला ‘सा’ सरकतो, आणि पाच रेघांऐवजी साध्या अक्षरांतून गाणे वाचता येते. त्यामुळे संगीताचे शिक्षण नसलेल्या कामगारांनाही हॅन्डेल आणि मेंडेल्सझोन गाता येऊ लागले. नोव्हेलो या प्रकाशनसंस्थेने गायकांच्या प्रती स्वस्तात छापल्या. स्वरलिपी, स्वस्त प्रत आणि तालमीचा ठरलेला वार, या तिन्हींवर व्हिक्टोरियन काळातले महाकोरस उभे राहिले. हीच अक्षरलिपी मिशनऱ्यांबरोबर भारतात आली. मिझोरामची गायक-मंडळे तिच्यावरून चार आवाजांत गात आली आहेत. ईशान्येकडच्या गावांत चौपदरी गाणे इतके सहज का, याचे उत्तर एका स्वस्त आणि सोप्या लिपीत आहे.

पण त्याच इंग्लंडमध्ये तालीम हुकली तेव्हा काय झाले, तेही लक्षात ठेवायला हवे. बर्मिंगहॅमचा त्रैवार्षिक महोत्सव हा या कलेचा मोठा मेळा. मेंडेल्सझोनच्या ‘एलिजा’चा पहिला प्रयोग २६ ऑगस्ट १८४६ रोजी तिथेच झाला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्याच टाउन हॉलमध्ये ३ ऑक्टोबर १९०० रोजी एडवर्ड एल्गरच्या ‘ड्रीम ऑफ जेरॉन्शियस’चा पहिला प्रयोग होता. कोरस-शिक्षक स्विनर्टन हीप काही महिने आधी अचानक वारले. निवृत्त झालेल्या वयस्क शिक्षकांना परत बोलवावे लागले. गायकांच्या प्रती उशिरा आल्या. कंडक्टर हान्स रिश्टर, ज्यांनी वाग्नरचे महानाट्य उभे केले होते, त्यांच्या हाती पूर्ण स्वरलेख पडला तो प्रयोगाच्या जेमतेम दहा दिवस आधी. कोरसला त्या संगीताची भाषाच नवीन होती. प्रयोग ढासळला, आणि एल्गर खचून गेला.

कृती मात्र वाचली. त्या दिवशी सभागृहात ड्युसेलडॉर्फचे संगीत-संचालक यूलियस बूट्स बसले होते. फसलेल्या प्रयोगातूनही त्यांना तिची किंमत कळली. त्यांनी संहितेचे जर्मन भाषांतर केले, आपल्या शहरातल्या कोरसला ती नीट शिकवली, आणि १९ डिसेंबर १९०१ रोजी ड्युसेलडॉर्फमध्ये सादर केली. पुढच्या मे महिन्यात ऱ्हाइन महोत्सवात ती पुन्हा झाली, तेव्हा रिचर्ड श्ट्राउसने एल्गरच्या सन्मानार्थ जाहीरपणे गौरवाचे शब्द काढले. इंग्रजांना आपली कृती परत मिळाली ती जर्मन कोरसच्या मेहनतीतून. स्वरलेख तोच होता, बदलली होती ती तालीम.

याहून मोठ्या कृतींनाही हाच न्याय लागू पडला. गुस्ताव माहलरची आठवी सिम्फनी १२ सप्टेंबर १९१० रोजी म्युनिकमध्ये झाली. गायक ८५८, वादक १७१. एवढा जमाव एका शहरात सापडणे शक्य नव्हते. म्हणून व्हिएन्नातल्या, लाइपझिगच्या आणि म्युनिकच्या गायकांनी आपापल्या गावी वेगळी तयारी केली, आणि मग सगळे एकत्र आले. आयोजक एमिल गुटमान यांनी ‘हजारांची सिम्फनी’ अशी जाहिरात केली, ते नाव चिकटले. पण हजारांना एका सुरात आणण्याचे श्रेय त्या तीन शहरांतल्या तालमीच्या खोल्यांना आहे.

तालमीची थोरवी सर्वांत कठोरपणे सिद्ध झाली ती तेरेझिनच्या छळछावणीत. व्हेर्दीचा ‘रिक्विएम’ २२ मे १८७४ रोजी मिलानमध्ये, कादंबरीकार आलेस्सांद्रो मान्झोनी यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, प्रथम सादर झाला होता. चार एकल गायक, मोठा कोरस, रंगमंचाबाहेरून वाजणाऱ्या तुताऱ्या, बास ड्रमचे घणाघात असा त्याचा पसारा. जवळपास सत्तर वर्षांनी रफाएल शेख्टर या ज्यू संगीतकाराने नाझींच्या त्या छावणीत हीच कृती बसवली. वाद्यवृंद नव्हता, होता एक पियानो. स्वरलेखाची प्रत एकच. दिवसभर राबून आलेल्या सुमारे दीडशे कैद्यांना त्याने लॅटिन शब्द आणि चार आवाजांच्या ओळी तोंडपाठ करायला लावल्या. गायकांना ऑशविट्झकडे नेले जाई, कोरस रिकामा होई, आणि शेख्टर उरलेल्यांत नवे मिळवून पुन्हा पहिल्यापासून शिकवी. असे १६ प्रयोग झाले. अखेरचा प्रयोग जून १९४४ मध्ये, रेड क्रॉसच्या भेटीच्या दिवसांत झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात शेख्टरलाही ऑशविट्झला पाठवण्यात आले. पुढे तो वाचला नाही. व्हेर्दीने मागितलेल्या साधनांपैकी जवळजवळ काहीही हाताशी नव्हते. शिकवणारा आणि शिकणारे होते, आणि तेवढ्यावर ती कृती उभी राहिली.

हे सगळे मराठी वाचकाने का लक्षात घ्यावे? कारण या कलेशी आपला संबंध कालचा नाही. गोव्याच्या गावागावांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवले जाई. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत तिथे आजही लॅटिन मोटेट गायली जातात. या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईत आले आणि त्यांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद घडवला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू, हे त्यांच्यातले ठळक नाव. मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांच्या घरात वाढलेले झुबिन मेहता जगभराच्या वाद्यवृंदांपुढे उभे राहिले. १९५६ मध्ये व्हिक्टर परंज्योती यांनी सुरू केलेला परंज्योती अकॅडमी कोरस पुढे कूमी वाडिया यांनी दशकानुदशके सांभाळला. नोकरी-धंदा करून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या मुंबईकरांनीच त्याला नावलौकिक मिळवून दिला. २००६ पासून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद आहे.

म्हणजे वाद्यवृंदाला वेतन आणि मोसम मिळू लागला, ही आनंदाचीच गोष्ट. आता तोच विचार कोरसपर्यंत न्यायला हवा. एखाद्या मोठ्या कृतीपुरती चार मंडळांतून माणसे गोळा करायची, दोन-तीन महिने घाई करायची आणि कार्यक्रम संपला की सगळ्यांना मोकळे करायचे, या पद्धतीने ब्राह्म्सचा तो दबलेला आवाज कधीच येणार नाही. तो येतो वर्षानुवर्षे शेजारी उभे राहून गाणाऱ्यांकडून. एकमेकांचा श्वास ओळखायला तेवढा काळ लागतो.

कोणी म्हणेल, बाहेरून व्यावसायिक कोरस आणला तर हा खटाटोप कशाला? व्यावसायिक कोरस चांगला गातो, अनेकदा हौशी मंडळापेक्षा अचूक गातो, यात वाद नाही. पण तो गाऊन निघून जातो. शहरात संगीत मागे राहते ते ज्यांनी स्वतः गायले त्यांच्यात. सहा महिने आल्टोची ओळ गायलेली बाई पुढे सगळे संगीत वेगळ्या कानाने ऐकते. वरच्या धुनीखाली काय चालले आहे, ते तिला कळते. तिची मुले ते ऐकत मोठी होतात. जाणकार श्रोता घडवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही, आणि आयात केलेल्या मैफलीतून तो घडत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. तोही तपासून पाहावा. सिम्फनी वाद्यवृंदाच्या तुलनेत कोरसला फार थोडे लागते: एक जाणता शिक्षक, त्याला नियमित वेतन, पियानोची साथ, आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी एखादी मोठी खोली आणि छापील प्रती. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास स्वतःचा गळा घेऊन येतात. मुंबई, पुणे आणि पणजीत शाळा-महाविद्यालयांची सभागृहे संध्याकाळी रिकामी असतात. चर्चमधून वाचून गाणारे गळे आहेत, समूहगीतांच्या स्पर्धांतून आलेली मुले आहेत. त्यांना एका खोलीत आणून वर्षभर शिकवायची सोय हवी.

सुरुवातीला वाद्यवृंदही लागत नाही. ‘जर्मन रिक्विएम’ लंडनमध्ये पहिल्यांदा झाला तो कुठल्या भव्य सभागृहात नव्हे. १८७१ च्या जुलैत विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घरात, एका पियानोवर चार हातांनी वाजवलेल्या साथीवर, छोट्याशा कोरसने तो गायला. ब्राह्म्सने वाद्यवृंदाचे चार हातांसाठीचे रूपांतर स्वतःच करून ठेवले होते. आजही ते मिळते. दोन पियानोवादक आणि चाळीस-पन्नास गायक घेऊन मुंबईतले किंवा मडगावचे एखादे मंडळ ही कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकू शकते. मग ज्या वर्षी वाद्यवृंद येईल, त्या वर्षी कोरस तयार असेल.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी संस्कृतिखाते असो, उद्योगांचा सामाजिक निधी असो वा एखादी ट्रस्ट, वाद्यवृंदासाठी पैसे देताना त्यातला ठराविक हिस्सा कोरस-शिक्षकाच्या आणि साथीदाराच्या वेतनासाठी राखून ठेवावा. कार्यक्रमपत्रिकेत कोरसमधल्या प्रत्येक गायकाचे नाव छापावे. एक तालीम श्रोत्यांसाठी खुली ठेवावी, शाळकरी मुलांना तिथे फुकट बसू द्यावे. आणि पुढच्या मोसमाची आखणी करणाऱ्यांनी मैफलीची तारीख ठरवण्याआधी कोरसच्या पहिल्या तालमीची तारीख ठरवावी.